नाव आणि नंबर : घराण्यातील शिपायाच्या शोधाची रीत

करवीर परिसरातील काही घरांत भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्येस एखाद्या अशा पूर्वजाचा म्हाळ घातला जातो, की ज्याची मृत्युतिथी घरात कोणासही ठाऊक नसते. चौकशी केल्यास ‘तो बसऱ्याला गेला, तो परत आलाच नाही’ एवढेच उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकाच्या घरीही असे एक पूर्वज आहेत. ते लेखकाचे पणजोबा. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर गेले तेव्हा आजोबा तान्हे होते. पुढे त्यांच्या म्हाळाविषयी घरात दोन मते पडली. युद्धात शस्त्राने मृत्यू आला असेल तर चतुर्दशी योग्य, असे काही वडीलधारी म्हणत. मृत्यू कसा आला हेच ठाऊक नसल्याने अमावास्याच योग्य, असे इतर म्हणत. हा वाद दोन पिढ्या चालला. त्याचा निर्णय करावयाचा तर पणजोबांचे काय झाले हे शोधणे भाग होते.

त्या शोधात जी रीत हाती आली ती विद्यार्थ्यांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. यातील काही साधने इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असतील. परंतु अशा शोधातील अडथळा कागदांच्या अभावाने जितका येतो त्याहून अधिक भाषेमुळे येतो, असा लेखकाचा अनुभव आहे. घरापाशी शिपायाचे नाव असते, सरकारपाशी त्याचा नंबर असतो. नाव एका मुखातून दुसऱ्या कानी आणि एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना बदलते. नंबर सहसा बदलत नाही, पण तो घरात कोणाच्याही स्मरणात नसतो. या दोहोंची गाठ घालणे हेच शोधाचे मुख्य काम होय. पणजोबांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही; विवेचन रीतीविषयी आहे, व्यक्तीविषयी नाही.

१. स्मारकांवरील गणती

प्रथम स्मारकांचा विचार करू, कारण सामान्य माणूस तेथूनच आरंभ करतो. दिल्लीच्या इंडिया गेटवर आपल्या पूर्वजाचे नाव असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ते स्मारक सुमारे ७०,००० भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेले असले, तरी त्यावर कोरलेली नावे १३,००० हून थोडी अधिक आहेत. म्हणून तेथे नाव न सापडणे हा कशाचाही पुरावा नव्हे.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जे मेले आणि ज्यांच्या समाधीचा ठाव नाही, त्यांचे स्मारक बसरा येथे आहे. १९१४ च्या शरद ऋतूपासून ऑगस्ट १९२१ पर्यंत मृत्यू पावलेल्या ४०,५०० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक २७ मार्च १९२९ रोजी खुले झाले. १९९७ साली ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर नेण्यात आले. या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, भारतीय अंमलदारांचीही आहेत. परंतु सामान्य भारतीय शिपायांची केवळ पलटणवार संख्या कोरलेली आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेद मान्य केला. आशिया व आफ्रिकेतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० मृतांचे स्मरण नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

आपल्या गावांतील स्मृतिशिलांचीही तीच तऱ्हा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव सैनिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे, तसेच शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी. महायुद्धानंतर अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवण्यात आल्या. या गावातून इतके लोक युद्धास गेले, पैकी इतके मेले, एवढाच त्यांवरील मजकूर. गणती आहे, नाव नाही. उलटपक्षी, मृत सैनिकांच्या घरी पाठवलेली ब्राँझची जी वर्तुळाकार स्मृतिमुद्रा काही घरांत आढळते, तिच्यावर केवळ नाव असते. हुद्दा, नंबर, पलटण यांपैकी काहीही नसते. म्हणजे गावच्या शिलेवर संख्या आणि घरच्या मुद्रेवर नाव. दोन्ही एकाच माणसाविषयी असूनही एकमेकांशी बोलत नाहीत.

२. पदकाची कड

नाव आणि नंबर एकत्र आढळण्याची एक जागा मात्र पुष्कळ घरांत असते. ती म्हणजे पदकाची कड. पहिल्या महायुद्धाच्या पदकांपैकी ‘ब्रिटिश वॉर मेडल’ लढाऊ सैनिकांस चांदीचे मिळे, तर ‘व्हिक्टरी मेडल’ ब्राँझचे असे. दोहोंच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ही बारीक अक्षरांत ठोकलेली असतात. चांदीची पदके दुष्काळात, लग्नकार्यात आटवली गेली. आमच्या घरच्या पदकाचेही जोडव्यांत रूपांतर झाले. त्या जोडव्यांबरोबर पणजोबांचा नंबरही आटला, असे कैक वर्षे सर्वांनी गृहीत धरले होते.

ब्राँझच्या पदकास मात्र मोल नव्हते, म्हणून ते राहिले. त्यावर पंख पसरलेली एक स्त्री आहे. ती विजयदेवता होय; परंतु पणजीने तिला देवी मानून देव्हाऱ्यात ठेवले. शंभर वर्षे त्या पदकास हळदीकुंकू लागत होते. कडेवर साचलेला कुंकवाचा थर ओल्या कापडाने पुसल्यावर अक्षरे दिसली. विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच, की घरच्या वस्तू प्रथम पाहाव्यात आणि मग दफ्तरखान्याची पायरी चढावी. तसेच पदक घासून लख्ख करू नये. कडेवरील अक्षरे उथळ असतात आणि घासल्याने जातात.

३. तोंडी परंपरेचे मोल

पदक न सापडले तरी सारे संपत नाही. तोंडी परंपरेत पुष्कळ माहिती असते, मात्र तिचे वाचन सावधपणे करावे लागते. आमच्या घरात वाक्य चालत आले होते ते असे : ‘बसऱ्याच्या वेढ्यात सापडले.’ बसऱ्यास या युद्धात वेढा पडलाच नव्हता. वेढा पडला तो तैग्रिस नदीवरील कुत-अल-अमारा येथे, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. मराठीत बसरा हे नाव बसराई मोत्यांमुळे आधीपासून परिचित होते. ‘कुत’ हा शब्द अपरिचित. अपरिचित स्थळनामाची जागा परिचित नावाने घेतली, परंतु ‘वेढा’ हा शब्द टिकला. म्हणून अशा वाक्यात स्थळनामापेक्षा प्रसंगवाचक शब्दावर अधिक विसंबावे, असे सुचवावेसे वाटते.

‘वेढा’ या एका शब्दाने शोधाचे क्षेत्र किती आवळते ते पाहा. कुतमध्ये अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. पदकाच्या कडेवर यांपैकीच एक आकडा निघाला, तेव्हा दोन स्वतंत्र साधने एकमेकांस दुजोरा देत आहेत हे स्पष्ट झाले.

येथे पलटणींच्या आकड्यांविषयी खुलासा आवश्यक आहे, कारण तेही काळाप्रमाणे बदलले. १९०३ साली मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवण्यात आले. दहावी पलटण ११० वी झाली. १९२२ साली पुन्हा रचना होऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री सिद्ध झाली, तेव्हा १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या अनुक्रमे तिच्या पहिल्या ते पाचव्या बटालियनी झाल्या आणि ११४ ही दहावी झाली. म्हणजे आजोबा ‘दहाव्या’त, त्यांचे पुत्र ‘एकशे दहा’त आणि नातू ‘तिसऱ्या’त, असे कोणी सांगितले तर ते तिघे एकाच पलटणीत असू शकतात. लोकांच्या तोंडची नावे कधी कधी अधिक चिवट ठरतात. १०५ व्या पलटणीस आजही ‘काळी पाचवी’ म्हणतात; १९०३ पूर्वीचा क्रमांक त्या नावात जतन झाला आहे. त्याचप्रमाणे १११ हा क्रमांक महार पलटणीचा. ती १९१७ साली उभारली गेली आणि १९२१ साली मोडण्यात आली. त्या शिपायांच्या वंशजांनी मराठा पलटणींच्या याद्यांत शोध घेऊन निराश होऊ नये.

४. नावाचा प्रवास

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. भरतीच्या वेळी बहुतेक शिपाई निरक्षर असत. त्यांनी नाव उच्चारले, कारकुनाने ते ऐकले आणि रोमन लिपीत लिहिले. त्या यादीवरून दुसरी यादी झाली, तिच्यावरून छापील नोंदवही झाली, आणि आज आपण त्या नोंदवहीतील रोमन अक्षरे वाचून पुन्हा देवनागरीत आणू पाहतो. प्रत्येक टप्प्यावर काही ध्वनिभेद गळतात.

रोमन लेखनात ट-त, ड-द, ण-न आणि ळ-ल यांतील भेद राहत नाही. स्वरांची ऱ्हस्वदीर्घता राहत नाही. महाप्राण कधी लिहिला जातो, कधी गळतो. ‘के-ए-एल-ई’ ही चार अक्षरे घ्या. ती काळे या आडनावाची असू शकतात, तशीच पन्हाळा तालुक्यातील कळे या गावाची. शेवटचा ऊकार कधी एका ‘यू’ने लिहितात, कधी दोन ‘ओ’ंनी. दुसऱ्या महायुद्धातील दोन सुप्रसिद्ध वीरांची नावे या दृष्टीने उद्बोधक आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांच्या नावातील पहिले अक्षर इंग्रजीत ‘ये’ असे लिहिले आहे. ही चूक नव्हे. मराठी बोलण्यात यकारापुढील अकार कित्येकदा एकाराकडे झुकतो, तो लिहिणाऱ्याने जसा ऐकला तसा उतरवला. ९ एप्रिल १९४५ रोजीच्या पराक्रमाबद्दल तोच सन्मान मिळवणारे नामदेव जाधव यांच्या नावात शेवटचा ‘व’ हा ‘ओ’ झाला आहे, आणि आडनावातील महाप्राण काही इंग्रजी ग्रंथांत गळाला आहे. एवढ्या कीर्तिमान पुरुषांच्या नावांची ही स्थिती. मग सामान्य शिपायाची काय असेल!

दुसरी अडचण रूपांची. शिपाई आपले घरगुती नाव सांगे. ज्ञानदेव हा ज्ञानू किंवा ग्यानू होई, कोंडिबा हा कोंडी, तुकाराम हा तुका. पाटील हे आडनाव मूळचे वतनाचे. अशा घरातील मुलगा भरतीच्या वेळी कुळाचे आडनाव सांगण्याचाही संभव असे. म्हणून शोधताना नावाचे एकच रूप धरून बसू नये. प्रथम शक्य रूपांचा तक्ता करावा. नामप्रत्ययांचेही भान ठेवावे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या अंती ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि त्यावरूनच ते सैनिक महार होते हे ओळखता येते. पुढील काळात हा प्रत्यय वापरातून गेला. एकाच घराण्याच्या नावांत पिढ्यांनुसार असा पालट पडलेला असतो, हे लक्षात न घेतल्यास वंशावळीचा धागा तुटतो.

युद्धसमाधी आयोगाची नोंदवही आता इंटरनेटवर सर्वांस खुली आहे, आणि तिच्यात नावाप्रमाणेच नंबरावरूनही शोध घेता येतो. नावाने लेखकास बारा-पंधरा संभाव्य नोंदी मिळाल्या, पैकी एकही पुरती जुळेना. नंबर आणि पलटण घालताच एकच नोंद आली. तीत पणजोबांच्या नावातील महाप्राण नाहीसा झाला होता आणि वडिलांचे नाव घरगुती रूपात होते. केवळ नावावरून ती नोंद आपली म्हणण्याचे धैर्य झाले नसते.

५. गाव आणि जिल्हा

या नोंदींत कित्येकदा पित्याचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. गावाच्या नावास वरील सर्व विकार लागू आहेत. शिरोळ, शिरोली आणि शिराळे यांत रोमन लिपीत एखाद्या स्वराचाच फरक राहतो. ‘बावडा’ असे लिहिले असल्यास तो कोल्हापूरलगतचा कसबा बावडा की गगनबावडा, हे अन्य पुराव्यानेच ठरवावे लागते. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन गावे आहेत.

त्यातच राजकीय सीमा बदलल्या. १९१६ साली आजचा कोल्हापूर जिल्हा अस्तित्वात नव्हता. होते ते करवीर संस्थान. त्याच्या पेट्यांत करवीर, पन्हाळा, शिरोळ, आळते, गडहिंग्लज आणि भुदरगड ही नावे येतात. शिवाय विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी आदी जहागिरी होत्या. आळते हे पेट्याचे नाव आज तालुका म्हणून सापडणार नाही. तो भाग हातकणंगले तालुक्यात आहे. संस्थानचा रायबाग महाल आज कर्नाटकात आहे. उलट चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. वाळवे, तासगाव इकडील शिपायांचा जिल्हा ‘सातारा’ असा लिहिलेला असतो. सांगलीचा जिल्हा पुढे, १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निघाला. १ मार्च १९४९ रोजी करवीर संस्थानही मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणून नोंदीतील जिल्हा आजच्या नकाशावर न शोधता त्या वर्षीच्या नकाशावर शोधावा.

६. तीन लिप्यांची साक्ष

रोमन लिपीने जे गमावले ते अन्य लिप्यांतून काही अंशी परत मिळवता येते. जुनी गावदफ्तरे मोडीत आहेत. जन्ममृत्यूचे नोंदपुस्तक, ज्यास गाव नमुना चौदा किंवा कोतवाल बुक म्हणतात, हक्कनोंदी आणि फेरफार ही साधने तहसील कार्यालयात मिळू शकतात; संस्थानी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. शिपाई मेल्यावर जमिनीस वारस लागला असल्यास फेरफारात त्याची विधवा, मुले आणि वर्ष यांचा उल्लेख येतो. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, परंतु ळ-ल, ण-न आणि महाप्राण यांचा भेद असतो.

तिसरी साक्ष हेळव्याची. हेळवी हे बैलावरून गावोगाव हिंडून घराण्यांची वंशावळ सांगणारे लोक दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सर्वांस परिचित आहेत. त्यांच्या नावाचा संबंध लोक कन्नड ‘हेळु’, म्हणजे सांगणे, या धातूशी जोडतात. कन्नडमध्ये ‘हेळव’ म्हणजे पांगळा असाही अर्थ आहे, आणि पांगळा पूर्वज बैलावर बसून फिरे, अशी कथाही सांगितली जाते. हेळवी आपल्यापुढे मराठीत बोलतो, परंतु त्याची वही पुष्कळदा कन्नड लिपीत असते. ही लिपी ळ-ल, ण-न यांबरोबर स्वरांची ऱ्हस्वदीर्घताही राखते. म्हणजे एकाच नावाची रोमन, मोडी आणि कन्नड अशी तीन रूपे शेजारी मांडली, तर प्रत्येकाची उणीव दुसरे भरून काढते. मात्र हेळव्याची वंशावळ प्रायः पुरुषांची असते; शिपायाच्या पत्नीचे नाव हवे असल्यास फेरफार, निवृत्तिवेतनाचे कागद किंवा तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या नामावळी पाहाव्यात. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील बाडांत यात्रेस आलेल्यांची नावे कुटुंबवार लिहिलेली आढळतात. आमच्या पणजीचे नाव अशाच एका बाडात मिळाले. सरकारी नोंदीत ते कोठेही नव्हते.

७. तारखेचे प्रामाण्य

शेवटी घरच्या प्रश्नाकडे येतो. आयोगाच्या नोंदीत पणजोबांच्या मृत्यूची जी तारीख आहे, ती २९ एप्रिल १९१६ नंतरची आहे. त्या दिवशी कुतच्या फौजेने शरणागती पत्करली. सैनिक आणि लष्कराबरोबरचे नोकरचाकर मिळून सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती गेली, आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होते. त्यांना बगदाद, मोसूल या मार्गाने पायी नेण्यात आले, आणि पुष्कळ भारतीयांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामास लावण्यात आले. भूक, उन्हाळा आणि रोगराई यांनी असंख्य माणसे वाटेत व छावण्यांत मेली. तेव्हा पणजोबांचा मृत्यू रणांगणावर शस्त्राने झाला नाही, बंदिवासात झाला, असा निष्कर्ष निघतो. चतुर्दशीचा पक्ष येथे संपला.

मग त्या तारखेवरून पंचांग पाहून तिथी काढावी काय? लेखकाने ती काढली होती. परंतु बंदिवासातील मृत्यूची कागदोपत्री तारीख ही कित्येकदा बातमी पोहोचल्यावर ठरवलेली किंवा गृहीत धरलेली असू शकते. घरच्या थोरल्या आत्यांना हे समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “सरकारच्या अंदाजावर तिथी कशाला धरायची? अमावास्याच बरी. पण आता नाव मात्र पुरते घ्या.” तिथी काढण्यात रमलेल्या संशोधकास हा निर्णय काहीसा विरस करणारा वाटला, तरी पुराव्याच्या दृष्टीने तो अधिक काटेकोर होता, हे मान्य केले पाहिजे. तेव्हापासून पान वाढताना घरगुती नावाऐवजी पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि पलटण यांचा उच्चार होतो.

विभागातील विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर देव्हारा, फडताळ आणि पेटी पाहावी. पदकाच्या कडेवरील मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा. घरातील वृद्धांची वाक्ये त्यांच्याच शब्दांत, बोलीत टिपावीत, सुधारून लिहू नयेत. हेळवी आल्यास त्याच्या वहीतील नोंद त्याच्या संमतीने मूळ लिपीत नकलावी. पंजाबातील पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या. त्यांतील सुमारे ३,२०,००० नोंदी २०२१ पासून लोकांस पाहण्यास खुल्या होऊ लागल्या. आपल्याकडील घराण्यांची नावे एकेका घरातून अशीच जमवावी लागतील, आणि ती जमवण्यास भाषेच्या अभ्यासकाइतका योग्य माणूस दुसरा नाही. कारण नाव कोठे आणि का बदलले हे सांगणे त्याचेच काम आहे.